तडजोडीची लक्ष्मणरेषा

२५ जानेवारी २०१९ या दिवशी सकाळी न्यूयॉर्कच्या लाग्वार्डिया विमानतळाकडे येणारी विमाने काही काळ रोखून धरावी लागली. कारण हवामानाचे नव्हते, दहशतवादाचेही नव्हते. हवाई वाहतुकीचे नियंत्रण करणारे कर्मचारी पुरेशा संख्येने कामावर नव्हते आणि जे होते त्यांच्या हाती महिनाभरात पगाराचा पैसाही पडला नव्हता. त्याच दिवशी दुपारी राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी व्हाइट हाऊसच्या बागेत येऊन, ३५ दिवस अंशतः बंद असलेला शासनाचा कारभार पुन्हा सुरू होत असल्याची घोषणा केली. मेक्सिकोच्या सीमेवरील ज्या भिंतीसाठी हा सारा खटाटोप झाला, तिच्याकरिता त्यांनी ५.७ अब्ज डॉलर मागितले होते. कारभार सुरू झाला तेव्हा त्यातला एक डॉलरही पदरात पडलेला नव्हता. सुमारे ८ लाख कर्मचाऱ्यांचे दोन पगार मात्र लांबले.

देशाच्या सीमा सुरक्षित असाव्यात, कोणीही यावे आणि राहावे अशी धर्मशाळा देशाने होऊ नये, हा आग्रह मुळात गैर नव्हता. घुसखोरीचे चटके सोसलेल्या भारतीयाला तर तो सहज समजण्यासारखा आहे. परंतु आग्रह योग्य असणे ही एक गोष्ट आणि तो सिद्धीस नेणे ही दुसरी. फेब्रुवारी २०१८ मध्ये सिनेटपुढे दोन्ही पक्षांच्या काही सदस्यांनी मिळून एक प्रस्ताव आणला होता. लहानपणी आईवडिलांबरोबर बेकायदेशीरपणे अमेरिकेत आलेल्या सुमारे १८ लाख तरुणांना नागरिकत्वाचा मार्ग मोकळा करायचा आणि त्या बदल्यात सीमेच्या सुरक्षेसाठी २५ अब्ज डॉलर द्यायचे, असा तो सौदा होता. राष्ट्राध्यक्षांनी त्याला कडाडून विरोध केला. बाजूने ५४ आणि विरोधात ४५ मते पडली. परंतु आवश्यक ६० मते न मिळाल्याने प्रस्ताव बारगळला. नोव्हेंबर २०१८ च्या निवडणुकीत प्रतिनिधिगृह डेमोक्रॅटिक पक्षाच्या हाती गेले आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये काँग्रेसने कुंपणासाठी जे दिले ते होते १.३७५ अब्ज डॉलर. पुढे आणीबाणी घोषित करून इतर खात्यांचा पैसा भिंतीकडे वळविण्याचा मार्ग राष्ट्राध्यक्षांना पत्करावा लागला आणि तो न्यायालयांच्या फेऱ्यांत अडकला. हाताशी येऊ शकणारे २५ दूर लोटून अखेर सव्वा-दीडवर समाधान मानावे लागणे याला कणखरपणा म्हणायचे की आणखी काही?

हा प्रश्न एका राष्ट्राध्यक्षापुरता नाही. अमेरिकेत व्हाइट हाऊस एका पक्षाकडे आणि काँग्रेस, म्हणजे तेथील विधिमंडळ, दुसऱ्या पक्षाकडे अशी स्थिती आली की दरवेळी हाच वाद नव्याने झडतो. राष्ट्राध्यक्षाने आपल्या भूमिकेवर ठाम राहून नेतृत्व करावे, की विरोधकांशी जुळवून घेऊन कारभार चालवावा? वर्तमानपत्रांतून आणि दूरचित्रवाणीवरून हा प्रश्न असा मांडला जातो की जणू दोन दारे आहेत आणि त्यांतील एकातूनच जाता येते. गेल्या शंभर वर्षांचा अमेरिकेचा इतिहास पाहिला तर या मांडणीतील पोकळपणा ध्यानात येतो. ज्यांनी मोठी कार्ये तडीस नेली त्यांनी तडजोडी केल्या आणि ज्यांनी तडजोडीचा विटाळ मानला त्यांच्या हातून कार्यही निसटले. मात्र ज्यांनी केवळ तडजोडच केली, तेही इतिहासात टिकले नाहीत. फरक पडला तो एका गोष्टीने. आपली लक्ष्मणरेषा नेमकी कोठे आहे, हे ज्याने आधीच ठरविले होते आणि ती रेषा शक्य तितकी आखूड ठेवली होती, त्याच्या तडजोडीतूनही नेतृत्व दिसले.

आपल्याकडील संसदीय पद्धतीची सवय असलेल्या वाचकाला ही परिस्थिती थोडी चमत्कारिक वाटते. येथे पंतप्रधानाला लोकसभेत बहुमत असते, ते नसेल तर पंतप्रधानपद जाते. अमेरिकेत तसे नाही. राष्ट्राध्यक्ष चार वर्षांसाठी, प्रतिनिधिगृह दोन वर्षांसाठी आणि सिनेटचा सदस्य सहा वर्षांसाठी निवडला जातो. दर दोन वर्षांनी सिनेटच्या एक तृतीयांश जागांची निवडणूक होते. राष्ट्राध्यक्षाला काँग्रेस बरखास्त करता येत नाही आणि काँग्रेसला अविश्वास ठरावाने राष्ट्राध्यक्षाला घरी पाठविता येत नाही; महाभियोगाचे शस्त्र आहे, पण ते विरळाच उपसायचे असते. राष्ट्राध्यक्षाने नकाराधिकार वापरला तर तो मोडून काढण्यास दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मते लागतात. सत्ता कोणा एकाच्या मुठीत जाऊ नये, म्हणून १७८७ साली घटनाकारांनी हे जाणूनबुजून केले. तिजोरीच्या किल्ल्या काँग्रेसकडे आणि तलवार राष्ट्राध्यक्षाकडे. दोघांचे पटले नाही तर १ ऑक्टोबरला, नवे आर्थिक वर्ष सुरू होताच, कचेऱ्यांना कुलपे लागण्याचा धोका उभा राहतो. दोन्ही सभागृहे स्वपक्षाकडे असली तरी सिनेटमधील ६० मतांच्या अटीमुळे विरोधकांना टाळता येत नाही. २०२५ साली ४३ दिवस चाललेली विक्रमी कामबंदी, काँग्रेस आणि व्हाइट हाऊस एकाच पक्षाकडे असताना झाली, हे त्याचे ताजे उदाहरण.

तडजोड नाकारणाऱ्या नेतृत्वाची सर्वांत करुण कहाणी वुड्रो विल्सन यांची आहे. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस जगात त्यांच्याइतका मान क्वचितच कोणा राजकारण्याला लाभला असेल. युरोपच्या रस्त्यांवर लोकांनी त्यांचे उद्धारकर्ता म्हणून स्वागत केले. राष्ट्रसंघाची कल्पना त्यांनी जीव ओतून पुढे नेली. परंतु नोव्हेंबर १९१८ च्या निवडणुकीत, युद्ध थांबण्याच्या काही दिवस आधी, काँग्रेसची दोन्ही सभागृहे रिपब्लिकन पक्षाकडे गेली होती. निवडणुकीपूर्वी विल्सन यांनीच मतदारांना आवाहन केले होते की आपले हात बळकट करायचे तर डेमोक्रॅटिक काँग्रेस निवडून द्या. मतदारांनी ते मानले नाही. जो तह सिनेटच्या दोन तृतीयांश मतांवाचून मंजूर होणार नव्हता, त्याच्या वाटाघाटींसाठी पॅरिसला जाताना त्यांनी सिनेटमधील एकाही वजनदार रिपब्लिकन नेत्याला बरोबर घेतले नाही. शिष्टमंडळात त्या पक्षाचा म्हणून घेतला तो एक निवृत्त मुत्सद्दी, हेन्री व्हाइट. त्यांच्या शब्दाला पक्षात फारशी किंमत नव्हती.

परराष्ट्र समितीचे अध्यक्ष हेन्री कॅबट लॉज यांनी तहाला काही राखीव अटी जोडल्या. राष्ट्रसंघाच्या घटनेतील दहाव्या कलमानुसार सदस्य राष्ट्रांच्या रक्षणाची जी जबाबदारी येत होती, ती काँग्रेसच्या संमतीविना अमेरिकेवर बंधनकारक नसावी, ही त्यांतील मुख्य अट. लॉज यांच्या मनात विल्सन यांच्याविषयी वैयक्तिक आकस होता हे खरे. पण ही अट अमेरिकेच्या घटनेला धरूनच होती, कारण युद्ध घोषित करण्याचा अधिकार काँग्रेसचाच आहे. ब्रिटन आणि फ्रान्स यांनीही अशा अटींसह अमेरिकेला सामावून घेतले असते, असे मानण्यास जागा आहे. विल्सन अडून बसले. सिनेटला बाजूला सारून ते थेट जनतेकडे गेले. सप्टेंबर १९१९ मध्ये सुमारे ८ हजार मैलांचा रेल्वेप्रवास करून त्यांनी भाषणे दिली, कोलोरॅडोतील प्युएब्लो येथे त्यांची प्रकृती ढासळली आणि २ ऑक्टोबरला पक्षाघाताचा झटका आला. अंथरुणावरूनही त्यांचा स्वपक्षीयांना निरोप तोच होता: अटींसह येणाऱ्या तहाविरुद्ध मत द्या. १९ मार्च १९२० रोजी अंतिम मतदान झाले. त्यांच्याच पक्षाच्या २१ सदस्यांनी निरोप झुगारून अटींसह तहाच्या बाजूने मत दिले. बाजूने ४९, विरोधात ३५. सात मते कमी पडली. ज्या राष्ट्रसंघासाठी विल्सन यांना १९१९ चे शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले, त्यात त्यांचा देश कधीच गेला नाही. विल्सन यांनी रेषा ओढली होती ती शब्दाशब्दाभोवती. मूळ वस्तू, म्हणजे राष्ट्रसंघातील अमेरिकेचे सदस्यत्व, रेषेबाहेर राहून गेली.

विल्सन ही लढाई हरत होते त्या सुमारास कॅन्सस सिटीमध्ये युद्धावरून परतलेला एक माजी सैनिक मित्राच्या भागीदारीत पुरुषांच्या कपड्यांचे दुकान चालवीत होता. ते दुकान १९२२ मध्ये बुडाले. हॅरी ट्रुमन हे त्याचे नाव. एप्रिल १९४५ मध्ये रूझवेल्ट यांच्या निधनामुळे ट्रुमन राष्ट्राध्यक्ष झाले तेव्हा पक्षातीलच अनेकांना ते या पदाला तोकडे वाटत होते. नोव्हेंबर १९४६ मध्ये रिपब्लिकन पक्षाने दोन्ही सभागृहे जिंकली. स्थिती थेट विल्सन यांच्यासारखी झाली: महायुद्ध नुकतेच संपलेले, युरोप उद्ध्वस्त, जगाची नवी घडी बसवायची आणि काँग्रेस विरोधकांच्या हाती.

ट्रुमन यांनी काय केले हे तपशिलाने पाहण्यासारखे आहे. फेब्रुवारी १९४७ मध्ये ब्रिटनने कळविले की ग्रीस आणि तुर्कस्तान यांना यापुढे मदत देणे त्याला परवडणारे नाही. ट्रुमन यांनी आधी दोन्ही पक्षांच्या नेत्यांना बोलावून घेतले आणि मगच १२ मार्चला काँग्रेससमोर उभे राहून ४० कोटी डॉलर मागितले. सिनेटच्या परराष्ट्र समितीचे अध्यक्ष तेव्हा होते मिशिगनचे आर्थर व्हँडेनबर्ग. हे गृहस्थ महायुद्धापूर्वी अमेरिकेने जगाच्या भानगडीत पडू नये या मताचे खंदे पुरस्कर्ते होते. जानेवारी १९४५ मधील एका गाजलेल्या भाषणात त्यांनी ती भूमिका सोडली. त्यांनी मदतीच्या विधेयकात दुरुस्ती सुचविली की संयुक्त राष्ट्रसंघाला ही मदत अनावश्यक वाटली तर ती थांबवावी. सरकारच्या दृष्टीने ही दुरुस्ती गैरसोयीची होती. ट्रुमन यांनी ती घेतली. अटीवरून विल्सन यांचे काय झाले ते त्या पिढीने पाहिले होते.

५ जून १९४७ रोजी परराष्ट्रमंत्री जॉर्ज मार्शल यांनी हार्वर्ड विद्यापीठात युरोपच्या पुनर्उभारणीची कल्पना मांडली. योजना ट्रुमन प्रशासनाची. तरी तिला ट्रुमन यांचे नाव द्यायचे नाही असा निर्णय खुद्द ट्रुमन यांचाच होता. निवडणुकीच्या तोंडावर आपल्या नावाचे काहीही रिपब्लिकन काँग्रेस मंजूर करणार नाही, हे ते ओळखून होते. (रस्त्याच्या कोनशिलेवर नाव कोणाचे यावरून जेथे उद्घाटने रखडतात, तेथील राजकारण्यांनी हे प्रकरण एकदा तरी वाचावे.) पुढचे नऊ महिने मार्शल आणि व्हँडेनबर्ग यांचा सल्लामसलतीचा परिपाठ चालू राहिला. प्रशासनाने सव्वाचार वर्षांसाठी १७ अब्ज डॉलरचा आकडा मांडला होता. व्हँडेनबर्ग यांनी तो आकडा विधेयकातून काढायला लावला आणि पहिल्या वर्षासाठी ५.३ अब्ज एवढाच ठेवला. योजनेचा कारभार परराष्ट्र खात्याकडे न देता स्वतंत्र यंत्रणेकडे द्यावा आणि तिचा प्रमुख उद्योगक्षेत्रातला असावा, असा त्यांचा आग्रह होता. ट्रुमन यांनी तोही मान्य केला आणि स्टुडबेकर या मोटार कंपनीचे प्रमुख, पक्षाने रिपब्लिकन असलेले पॉल हॉफमन यांची नेमणूक केली. फेब्रुवारी १९४८ मध्ये चेकोस्लोव्हाकियात साम्यवाद्यांनी सत्ता बळकावली आणि उरलासुरला विरोध ढिला पडला, हेही नमूद केले पाहिजे. मार्चमध्ये सिनेटने ६९ विरुद्ध १७ मतांनी विधेयक मंजूर केले. ३ एप्रिल १९४८ ला स्वाक्षरी झाली. पुढील चार वर्षांत सुमारे १३ अब्ज डॉलर पश्चिम युरोपात पोहोचले.

ट्रुमन यांनी काय दिले? नाव दिले, आकडा दिला, पद दिले, श्रेय दिले. जे ठेवले ते एवढेच की युरोप उपाशी आणि असहाय राहता कामा नये.

हेच ट्रुमन घरच्या प्रश्नांवर मात्र याच काँग्रेसशी हातघाईवर आले. कामगार संघटनांवर निर्बंध घालणाऱ्या टॅफ्ट-हार्टली कायद्यावर त्यांनी २० जून १९४७ रोजी नकाराधिकार वापरला. काँग्रेसने तीन दिवसांत तो मोडून काढला. पराभव ठरलेलाच होता. तरीही कामगारांना त्यांची बाजू कळली. जुलै १९४८ मध्ये त्यांनी काँग्रेसचे खास अधिवेशन बोलावले आणि तुमच्या पक्षाने जाहीरनाम्यात जी आश्वासने दिली आहेत तीच आता मंजूर करून दाखवा, असे आव्हान दिले. काँग्रेसने फारसे काही केले नाही आणि ट्रुमन गावोगाव आगगाडीतून तेच सांगत फिरले. नोव्हेंबरमध्ये ते निवडून आले. शिकागोच्या एका वर्तमानपत्राने तर त्यांच्या पराभवाचा मथळा आधीच छापून टाकला होता. दोन्ही सभागृहेही त्यांच्या पक्षाकडे परत आली. एकाच काळात, एकाच काँग्रेसशी एका आघाडीवर मैत्री आणि दुसऱ्या आघाडीवर उघड युद्ध! ज्याला आपली रेषा ठाऊक असते त्यालाच हे जमते.

रोनाल्ड रेगन यांची प्रतिमा न झुकणाऱ्या नेत्याची. त्यांच्या भक्तांना त्यांचा १९८३ चा कायदा फारसा आठवायला आवडत नाही. मे १९८१ मध्ये त्यांच्या प्रशासनाने वृद्धांच्या निवृत्तिवेतनाच्या योजनेत, जिला तेथे सोशल सिक्युरिटी म्हणतात, मुदतपूर्व निवृत्ती घेणाऱ्यांची रक्कम कापण्याचा प्रस्ताव आणला, तेव्हा रिपब्लिकन बहुमताच्या सिनेटने त्याविरुद्ध ९६ विरुद्ध शून्य मतांनी ठराव केला होता. इकडे योजनेचा निधी १९८३ च्या मध्यास आटण्याच्या बेतात होता. प्रतिनिधिगृह डेमोक्रॅटिक पक्षाकडे, सभापती टिप ओनील. दोन्ही पक्षांतील जाणत्यांचा एक आयोग ॲलन ग्रीनस्पॅन यांच्या अध्यक्षतेखाली नेमला गेला. खरी घासाघीस मात्र आयोगाच्या बैठकांबाहेर, दोन्ही नेत्यांच्या विश्वासू माणसांत झाली. रेगन यांनी करवाढ स्वीकारली, ओनील यांनी निवृत्तीचे वय हळूहळू ६५ वरून ६७ वर नेणे स्वीकारले. २० एप्रिल १९८३ रोजी कायदा झाला. दोघांनी आपापल्या अनुयायांना न रुचणारी एकेक गोष्ट गिळली आणि दोघांपैकी कोणीही दुसऱ्याला 'शरण आला' म्हणून हिणवले नाही. हे दुसरे पहिल्यापेक्षा अवघड असते.

अर्थात तडजोड करणाऱ्याला दरवेळी बक्षीस मिळतेच असे नाही. थोरल्या बुश यांनी १९८८ च्या अधिवेशनात नवे कर लादणार नाही अशी निःसंदिग्ध शपथ वाहिली. १९९० मध्ये डेमोक्रॅटिक काँग्रेसशी तूट कमी करण्याचा करार करताना सर्वांत वरच्या आयकराचा दर २८ वरून ३१ टक्के झाला. त्या करारातील खर्चावरच्या शिस्तीचा पुढील दशकात तूट आटोक्यात येण्यास हातभार लागला. परंतु बुश यांचा पक्ष दुभंगला आणि १९९२ मध्ये अवघी ३७ टक्के मते घेऊन ते पराभूत झाले. येथे दोष तडजोडीचा की शपथेचा? टाळ्यांसाठी ओढलेली रेषा कारभाराच्या पहिल्याच कसोटीला पुसावी लागली आणि पुसणारा हात मतदारांनी पाहिला.

१९९४ मध्ये प्रतिनिधिगृह चाळीस वर्षांनी रिपब्लिकन पक्षाकडे आले आणि सभापती न्यूट गिंग्रिच यांना वाटू लागले की देशाचा कारभार आता आपणच हाकणार. १९९५ च्या नोव्हेंबरात सहा दिवसांची आणि डिसेंबर-जानेवारीत २१ दिवसांची कामबंदी झाली. क्लिंटन यांचे डावपेच पाहण्यासारखे होते. सात वर्षांत अर्थसंकल्पाची तूट संपविण्याचे रिपब्लिकन उद्दिष्ट त्यांनी मान्य केले. म्हणजे शीर्षक विरोधकांना देऊन टाकले. मात्र वृद्ध आणि गरीब यांच्या वैद्यकीय योजना, शिक्षण आणि पर्यावरण यांवर आपण हात टाकू देणार नाही, असे चार शब्द ते महिनोन्महिने बोलत राहिले. चारच. सामान्य माणसाच्या ध्यानात राहतील इतके. त्यातच गिंग्रिच यांनी पत्रकारांपुढे तक्रार केली की इस्रायलचे पंतप्रधान राबिन यांच्या अंत्यसंस्काराहून परतताना राष्ट्राध्यक्षांच्या विमानात आपल्याशी कोणी बोलले नाही आणि आपल्याला मागच्या दाराने उतरविण्यात आले. न्यूयॉर्कच्या एका दैनिकाने पहिल्या पानावर त्यांचे रडक्या पोराच्या रूपात चित्र छापले. राष्ट्राच्या तिजोरीच्या भांडणात स्वतःचा मानापमान आणला की लोक तत्त्व विसरतात आणि रुसवा लक्षात ठेवतात. पुढे याच दोघांनी १९९७ मध्ये अर्थसंकल्प संतुलनाचा कायदा केला आणि १९९८ पासून काही वर्षे अमेरिकेच्या तिजोरीत तुटीऐवजी शिल्लक दिसू लागली. त्याच १९९८ च्या डिसेंबरात त्याच प्रतिनिधिगृहाने क्लिंटन यांच्यावर महाभियोग चालवला, हा आणखी एक विरोधाभास.

ओबामा यांच्या वाट्याला विभागलेले शासन आले २०१० च्या अखेरीस. प्रतिनिधिगृहात रिपब्लिकन पक्षाने ६३ जागा अधिक मिळविल्या. तुटीचा विचार करण्यासाठी ओबामा यांनीच नेमलेल्या आयोगाने डिसेंबर २०१० मध्ये अहवाल दिला. १८ पैकी ११ सदस्य त्याच्या बाजूचे होते. राष्ट्राध्यक्षांनी तो उचलून धरला असता तर पुढच्या भांडणाला आधार मिळाला असता. तसे झाले नाही. २०११ च्या उन्हाळ्यात सरकारची कर्जमर्यादा, तेव्हा १४.३ लाख कोटी डॉलर, वाढविण्याचा प्रश्न आला. ध्यानात घ्यायचे ते असे की कर्जमर्यादा वाढविणे म्हणजे नवा खर्च मंजूर करणे नव्हे. काँग्रेसने आधीच मंजूर केलेल्या खर्चाची देणी फेडण्याची ती परवानगी. राष्ट्राची पत हा सौद्याचा विषयच होऊ शकत नाही, असे ओबामा यांनी पहिल्या दिवशी म्हणायला हवे होते. ते वाटाघाटीला बसले. सभापती जॉन बेनर यांच्याशी 'महाकरार' करण्याची बोलणी जुलैत फिसकटली. २ ऑगस्टला, अखेरच्या दिवशी, जो कायदा झाला त्यात एक विचित्र कलम होते: दोन्ही पक्षांच्या समितीने नोव्हेंबरपर्यंत १.२ लाख कोटी डॉलरची बचत सुचविली नाही, तर संरक्षणासह सर्व खात्यांवर सरसकट कात्री चालेल. ही कात्री इतकी अविचारी होती की तिच्या भीतीनेच समिती शहाणी होईल अशी अपेक्षा होती. समिती शहाणी झाली नाही. मार्च २०१३ पासून कात्री चालली. त्याआधीच, ५ ऑगस्ट २०११ रोजी, स्टँडर्ड अँड पुअर्सने अमेरिकेचे सर्वोच्च पतमानांकन एक पायरी खाली आणले होते. या तडजोडीत दोन्ही बाजूंनी काही मिळविले नाही आणि दोन्ही बाजूंनी गमावले ते देशाचे होते.

ओबामा यांना धडा मिळाला असावा. ऑक्टोबर २०१३ मध्ये आरोग्य विमा कायदा गुंडाळा, नाहीतर कारभार बंद, असा पवित्रा विरोधकांनी घेतला, तेव्हा कर्जमर्यादेवर बोलणी नाही, हे त्यांनी आधीच सांगून टाकले. १६ दिवसांनी कचेऱ्या उघडल्या आणि कायदा जागेवर होता.

नेतृत्वाच्या या चर्चेत एक बाजू नेहमी विसरली जाते. टाळी दोन हातांनी वाजते. ट्रुमन यांना व्हँडेनबर्ग मिळाले, रेगन यांना ओनील मिळाले. दिलेला शब्द आपल्या सदस्यांकडून पाळून घेण्याची ताकद त्या माणसांत होती. बेनर यांच्यात ती राहिली नव्हती. त्यांचेच सदस्य त्यांच्या मागे उभे नव्हते. २०२३ मध्ये बायडेन आणि सभापती केविन मॅकार्थी यांनी कर्जमर्यादेवर करार केला, प्रतिनिधिगृहाने तो ३१४ विरुद्ध ११७ मतांनी मंजूरही केला. परंतु त्याच वर्षी सप्टेंबरअखेर डेमोक्रॅटिक मतांच्या साहाय्याने कामबंदी टाळली म्हणून ३ ऑक्टोबरला मॅकार्थी यांच्याच पक्षाच्या आठ जणांनी विरोधकांच्या मतांबरोबर आपली मते घालून त्यांना सभापतिपदावरून खाली खेचले. अमेरिकेच्या इतिहासात सभापतीला असे काढण्याची ती पहिलीच वेळ. समोरच्या माणसाला घरी परतल्यावर शिक्षा होणार असेल तर तो टेबलावर कशाला येईल? पक्षशिस्तीचे महत्त्व जाणणाऱ्या कार्यकर्त्याला यातले मर्म वेगळे सांगावे लागणार नाही. ज्या नेत्याला अनुयायी वाटाघाटीचा अधिकार देतात तोच काही मिळवून आणू शकतो.

वॉशिंग्टनमधील या रस्सीखेचीशी दिल्लीचा संबंध आला आहे आणि तो लहानसहान नाही. पोखरणच्या १९९८ च्या चाचण्यांनंतर क्लिंटन प्रशासनाने भारतावर निर्बंध लादले आणि सर्वंकष अणुचाचणीबंदी करारावर स्वाक्षरी करण्यासाठी दबाव आणला. १३ ऑक्टोबर १९९९ रोजी, वाजपेयी यांच्या नव्या सरकारचा शपथविधी झाला त्याच दिवशी, अमेरिकेच्या रिपब्लिकन सिनेटने तोच करार फेटाळला. बाजूने ४८, विरोधात ५१. दोन तृतीयांश राहोच, साधे बहुमतही नाही. ज्या करारावर क्लिंटन यांनी सप्टेंबर १९९६ मध्ये सर्वांत आधी स्वाक्षरी केली होती, तो त्यांना स्वतःच्या घरात मंजूर करून घेता आला नाही. जगाला त्याचा आग्रह करण्याचा नैतिक अधिकार त्या रात्री संपला.

उलट २००८ ची गोष्ट. धाकट्या बुश यांची कारकीर्द उतरणीला लागलेली, काँग्रेसची दोन्ही सभागृहे जानेवारी २००७ पासून डेमोक्रॅटिक पक्षाकडे. भारताशी नागरी अणुसहकार्याचा करार हवा की नको यावर भारतातही तीव्र मतभेद होते. राष्ट्रीय विचारांच्या पक्षांचे आक्षेप सर्वश्रुत आहेत आणि डाव्यांनी तर पाठिंबा काढून मनमोहन सिंग सरकारला २२ जुलै २००८ च्या विश्वासदर्शक ठरावाला सामोरे जायला लावले. पण वॉशिंग्टनमध्ये काय घडले ते पाहावे. डिसेंबर २००६ च्या हाइड कायद्यात बुश यांनी विरोधकांना हव्या त्या अनेक अटी, अहवाल आणि तरतुदी मान्य केल्या. करार मात्र सोडला नाही. सिनेटमधील भारतमित्रांचा गट २००४ मध्ये स्थापन झाला होता, एक रिपब्लिकन आणि एक डेमोक्रॅट अशा दोघांच्या पुढाकाराने. अमेरिकेतील भारतीय समाजानेही एका पक्षाची कास न धरता दोन्ही पक्षांच्या दारी जाऊन बाजू मांडली. २७ सप्टेंबर २००८ रोजी प्रतिनिधिगृहाने २९८ विरुद्ध ११७ आणि १ ऑक्टोबरला सिनेटने ८६ विरुद्ध १३ मतांनी करार मंजूर केला. सिनेटच्या परराष्ट्र समितीचे अध्यक्ष तेव्हा डेमोक्रॅटिक पक्षाचे जो बायडेन होते. ८ ऑक्टोबरला बुश यांनी स्वाक्षरी केली, पद सोडण्याला साडेतीन महिने उरले असताना.